‘कुठे लिहिलंय?’ हे मामांना विचारायचं कसं

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं माहेर पुण्याचं, सासर वसईचं. नवरा कॅथलिक, मी हिंदू. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि दोन्ही घरांनी आम्हाला छान सांभाळून घेतलं. माझे वडील लवकर गेले, मला मामांनी वाढवलं. त्यांना वाचनाचा नाद आहे. पण गेली दोन वर्षं जेवायला बसलं की ते नवऱ्याला ऐकवतात, “जावईबापू, तुमचा येशू बारा वर्षांचा असताना हिंदुस्थानात आला, लडाखला हेमिसच्या मठात शिकला आणि आपलंच ज्ञान तिकडे जाऊन सांगितलं. ख्रिस्त म्हणजे कृष्ण, दुसरं काय!” नवरा हसतो आणि भात कालवत राहतो. यंदा नाताळला मात्र सासऱ्यांनी परतफेड केली. मामांच्या तोंडावर म्हणाले, “उलट आहे. तुमची गीताच बायबलवरून घेतलीय, जर्मन पंडितांनी सिद्ध केलंय.” जेवण तिथेच आटोपलं. रात्री माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, “आई, आजी शिकवते ती प्रार्थना चोरलेली आहे का?” मला उत्तर देता आलं नाही.

मामांना “पुरावा काय?” असं विचारावंसं वाटतं. पण ज्यांनी घास भरवून वाढवलं त्यांना असं विचारणं उद्धटपणाचं नाही का? आणि खरं सांगते, दोघांपैकी कोण बरोबर आहे हे मलाही माहीत नाही. काय करू?

— एक वाचक, वसई

*

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगं करते.

आधी मुलीचं बघू. मामा आणि सासरे थांबतील, तिचा प्रश्न थांबणार नाही. तिला आजच जवळ घे आणि सांग की आजीची प्रार्थना चोरलेली नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना एका यहुदी गुरूने आपल्या यहुदी शिष्यांना शिकवली, आणि तिच्यातले शब्द त्याच्या घरचे, लहानपणापासून कानावर पडलेले होते. देवाचं नाव पवित्र मानलं जावं, त्याचं राज्य यावं, हे मागणं यहुद्यांच्या कद्दिश नावाच्या जुन्या प्रार्थनेतही आहे. कद्दिशची आज मिळणारी लेखी रूपं शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांच्या, नंतरची आहेत, म्हणून कोणी कोणाचं ऐकलं हे मी ठामपणे म्हणणार नाही. दोन्ही एकाच अंगणात वाढल्या एवढं मात्र त्यांच्याकडे बघून कळतं.

तुमच्या घरातल्या वादात हे यहुदी अंगणच कोणाला आठवलेलं दिसत नाही. मामा म्हणतात शिकवण इथून गेली, सासरे म्हणतात तिथून आली, आणि ज्या लोकांमध्ये येशू जन्मला, ज्यांच्या सभास्थानांत तो बोलला, त्यांचं नाव कोणीच घेत नाही. तुझ्या सासूबाईंच्या बायबलमध्ये मार्कचा बारावा अध्याय उघड. एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? येशू उत्तर देतो: आपल्या देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. पहिली आज्ञा यहुदी धर्मग्रंथांतल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आहे, दुसरी ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्यातली. दोन्ही पुस्तकं येशूच्या कित्येक शतकं आधीची. तो शास्त्रीही लगेच म्हणतो, गुरुजी, बरोबर बोललात, कारण त्यालाही ती पाठ आहेत. शत्रूवर प्रेम करा ही शिकवण सगळ्यांना अगदी नवी वाटते. पण शत्रू भुकेला असला तर त्याला जेवू घाल, हे नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात आधीपासून आहे, आणि पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात ते जसंच्या तसं उचलून दिलंय. येशूने त्यात स्वतःचं काही घातलं नाही असं मी म्हणत नाही. घातलं, आणि पुष्कळ घातलं. पण शिकवणीचं मूळ शोधायला निघालेल्या माणसाने आधी तिच्या जन्मघरी चौकशी करावी, हे साधं शहाणपण आहे. मूल हरवलं तर आपण आधी शेजारी विचारतो, थेट लडाखला जात नाही.

आता हेमिस. ही गोष्ट मीही एकदा खरी म्हणून सांगितली आहे. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी आठवीच्या वर्गात मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की येशू लडाखला शिकला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “बाई, हे कुठे लिहिलंय?” तिच्या आवाजात कुठलाही उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर ते वाचायचं होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या उद्याला पुढे चार महिने लागले, आणि मी हाती आलेलं सगळं वर्गात जाऊन सांगितलं. त्यातलं मुख्य तुला सांगते.

निकोलस नोटोविच नावाच्या रशियन गृहस्थाने १८९४ साली फ्रेंच भाषेत एक पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं, की १८८७ मध्ये लडाखमध्ये प्रवास करताना पाय मोडला म्हणून तो हेमिसच्या मठात राहिला आणि तिथल्या लामाने त्याला ‘संत इसा’चं चरित्र असलेली तिबेटी पोथी वाचून दाखवली. पुस्तक हातोहात खपलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्स म्युलरने लेख लिहून दाखवलं की तिबेटी धर्मग्रंथांच्या कांग्युर आणि तांग्युर या प्रचंड संग्रहांच्या याद्यांत असा ग्रंथ नाही. लेहमधून आलेल्या एका पत्राचाही त्याने हवाला दिला. पाय मोडलेला रशियन मठात राहिल्याचं तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजमधले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले. त्यांनी नोटोविचचं लिखाण दुभाष्यामार्फत प्रमुख लामांना ऐकवलं. लामा म्हणाले, मी बेचाळीस वर्षं लामा आहे, इसाचं नाव असलेलं पुस्तक मी ऐकलेलंही नाही. त्यांची सही असलेलं निवेदन १८९६ मध्ये छापलं गेलं. मामा कदाचित स्वामी अभेदानंदांचं नाव काढतील. ते १९२२ मध्ये हेमिसला गेले होते आणि पोथी असल्याचं त्यांनी लिहिलंय. त्यांचं म्हणणं मामांना मांडू दे. मग एवढंच विचार, की नोटोविचच्या पुस्तकाला एवढा काळ लोटला, त्या पोथीचं एक तरी पान कुठल्या अभ्यासकाच्या हाती तपासायला आलं का? आलेलं नाही.

बारा वर्षांच्या वयाचा आधार लूकच्या शुभवर्तमानातून घेतात. तिथे बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात दिसतो आणि पुढे थेट तिशीत. मधली वर्षं कोरी, म्हणून तिथे हिंदुस्थान भरायचा. पण त्याच लूकमध्ये नासरेथबद्दल म्हटलंय की येशू तिथे लहानाचा मोठा झाला. मार्कमध्ये गावकरी त्याला बघून म्हणतात, हा सुतारच ना? अठरा वर्षं परदेशी काढून परतलेल्या माणसाबद्दल गावकरी असं बोलत नाहीत. तो कुठे जाऊन आला यावरच गावभर चर्चा झाली असती. ख्रिस्त आणि कृष्ण यांचं तर एका वाक्यात सांगता येतं. ख्रिस्तोस म्हणजे ग्रीकमध्ये अभिषेक झालेला, हिब्रूतल्या माशियाख या शब्दाचं भाषांतर. आणि येशूच्या जन्माआधी शे-दोनशे वर्षं यहुद्यांनी आपल्या धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर केलं, त्यात हा शब्द जुन्या राजांसाठीही आला आहे. कृष्ण म्हणजे सावळा. उच्चार जवळचे, एवढाच त्यांचा संबंध.

तरीही मामांच्या बाजूने जे खरं आहे ते मी दडवणार नाही. तूही दडवू नकोस. हिंदुस्थान आणि भूमध्य समुद्र यांच्यात रस्ता होता. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर नालासोपारा आहे. तिथल्या सोपारा बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात येतं. तिथेच १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच अशोकाने आपल्या तेराव्या लेखात, जो गिरनार, कालसी आणि शाहबाजगढीला वाचायला मिळतो, पाच ग्रीक राजांची नावं घेऊन त्यांच्या मुलखात आपला धम्म पोचल्याचं लिहिलंय. ही येशूच्या अडीचशे वर्षं आधीची गोष्ट. आणि इसवी सन २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक लिहितो की हिंदुस्थानातले काही लोक ‘बुत्ता’चे नियम पाळतात आणि त्याला देव मानतात. म्हणजे बुद्धाचं नाव तिकडे पोचलं होतं. पण क्लेमेंट ते परक्यांची माहिती म्हणून देतो. हे आमच्यात मिसळलंय असं तो म्हणत नाही. रस्ता होता म्हणजे माल जाऊ शकला असता, इथवर मी मामांबरोबर आहे. गेलाच, असं म्हणायचं तर मालाची पावती लागते.

ही गोष्ट मामांच्या मनाला भिडायची असेल तर त्यांना एक उलटं उदाहरण दे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी प्रवाशाने लिहिलंय की कॅलियाना या गावी इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण असं मानतात. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर, तिथून पुढे देशावरचे सगळे रस्ते मोकळे. नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि शेवटी माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असं मागितलं. उद्या कोणी उठून म्हणालं की बघा, शत्रूवर प्रीती करा हेच तर आहे हे, कल्याणच्या ख्रिस्ती लोकांकडून नेवाशाला पोचलं, रस्ता होताच, तर मामा काय म्हणतील? संतापतील, आणि मीही संतापेन. मग ते विचारतील की ज्ञानदेवांनी असं कुठे म्हटलंय, कोणत्या पोथीत आहे, कोण कल्याणहून आलं, कधी आलं? हे सगळे प्रश्न योग्य आहेत. येशूबद्दल बोलतानाही हेच प्रश्न लागू आहेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे गं. आपल्या माणसावर आळ आला तर मामा जेवढा पुरावा मागतील, तेवढाच दुसऱ्याच्या माणसावर आळ घालण्याआधी त्यांनी मागावा.

आता सासऱ्यांकडे वळू. त्यांना सूट द्यायची नाही. त्यांचे जर्मन पंडित म्हणजे लोरिन्सर. १८६९ मध्ये त्याने गीतेचा जर्मन अनुवाद छापला आणि गीतेतली शंभरावर वचनं नव्या करारातल्या वचनांशेजारी मांडून म्हटलं की ही तिथून घेतली आहेत. सासऱ्यांना ‘सिद्ध केलंय’ असं वाटतं ते एवढंच, दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवणं. त्याला पहिलं खणखणीत उत्तर मुंबईतून गेलं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८७५ मध्ये त्यांनी गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर काढलं आणि प्रस्तावनेत लोरिन्सरचं म्हणणं एकेक करून तपासलं. त्यांनी चिडून लिहिलं नाही. काळ कुठला, उतारा कुठला, साम्य खरं किती आणि ओढूनताणून किती, एवढंच बघितलं. मला तेलंगांचा फार आदर वाटतो तो यासाठी.

नंतर दगडांनीही साक्ष दिली. मध्य प्रदेशात विदिशाजवळ बेसनगरला ग्रीक राजदूत हेलिओडोरसने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटचा. त्यावरचा लेख १९०९ च्या सुमारास वाचला गेला. आणि ज्या नाणेघाटाचं नाव मी मघाशी घेतलं, तिथल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात सुरुवातीच्या नमनातच संकर्षण आणि वासुदेव आहेत. तोही ख्रिस्तपूर्व. येशूच्या आधी वासुदेवाची भक्ती होती हे सासऱ्यांनी मान्य करायलाच हवं. नाणेघाट वसईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ आहे, पाहिजे तर त्यांना दाखवून आण.

लोकमान्यांनी १९१५ साली गीतारहस्याच्या परिशिष्टात लोरिन्सरला पुन्हा उत्तर दिलं. मामांनी ते वाचलेलं असणार. गीता ख्रिस्ताच्या आधीची, हा लोकमान्यांचा अर्धा भाग पक्का आहे. पुढच्या अर्ध्यात ते म्हणतात की बौद्ध विचार यहुद्यांच्या एसीन पंथात शिरले आणि तिथून ख्रिस्ती धर्मात गेले. त्या काळी एसीनांबद्दल परक्या लेखकांनी लिहिलेलंच हाती होतं, त्यावरून हा तर्क करणं गैर नव्हतं. पण लोकमान्य गेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९४७ मध्ये, मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत एका धनगराला मडक्यात गुंडाळ्या सापडल्या. पुढे अकरा गुहांमधून नऊशेच्या आसपास हस्तलिखितांचे तुकडे निघाले. बहुतेक अभ्यासक ते एसीनांचं लिखाण मानतात. त्यात यशयाच्या आणि इतर यहुदी ग्रंथांच्या प्रती आहेत, शब्बाथाचे नियम आहेत, शुद्धाशुद्धतेचे वाद आहेत. ‘धन्य तो’ अशा ओळींची एक मालिका आहे, ती वाचताना डोंगरावरचं प्रवचन आठवतं. आंधळ्यांना दृष्टी मिळेल, मेलेले उठतील, दीनांना सुवार्ता मिळेल, असं सांगणारा एक तुकडाही आहे आणि तो लूकच्या सातव्या अध्यायाच्या फार जवळ जातो. सगळं यहुदी आहे. बुद्धाचं नाव नाही, बौद्ध परिभाषा नाही. हा पुरावा समोर असता तर लोकमान्यांसारख्या माणसाने आपला तर्क पुन्हा तपासला असता, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या हाती नव्हता. मामांच्या हाती आहे.

मग कुणाचं कुणाकडे कधी गेलंच नाही का? गेलंय ना! आणि ते कसं सिद्ध होतं हे मला तुला सांगायचंच आहे, कारण त्याची वाट तुमच्या ओळखीच्या ठिकाणावरून जाते.

मध्ययुगात युरोपभर बार्लाम आणि जोसाफत यांची कथा लोकांना पाठ होती. हिंदुस्थानच्या राजाला मुलगा होतो. ज्योतिषी सांगतात की हा संसार सोडेल. राजा त्याला महालात कोंडून वाढवतो, दुःख त्याच्या नजरेस पडू देत नाही. पण एक दिवस मुलगा बाहेर पडतो, रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, मन हलतं. बार्लाम नावाचा तपस्वी त्याला उपदेश करतो आणि राजपुत्र सगळं सोडून जातो. तुला कोण आठवलं ते मला माहीत आहे. युरोपातल्या लोकांना मात्र आठवायला कोणी नव्हतंच. त्यांनी जोसाफतला संत मानलं, आणि रोमच्या अधिकृत संतमालिकेत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस ठरला.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात दियोगो दो कूतो नावाचा पोर्तुगीज इतिहासकार होता, तिथल्या दफ्तरखान्याचा प्रमुख. मुंबईजवळच्या साष्टी बेटावरच्या कान्हेरीच्या लेण्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. ही लेणी कोणी कोरली असं एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, संत जोसाफतच्या बापाने, मुलाला जगापासून दूर वाढवायला. त्यावर कूतो लिहितो की हा जोसाफत म्हणजे इथले लोक ज्याच्या एवढ्या कथा सांगतात तो बुद्धच असावा. हे १६१२ मध्ये छापून आलं. कूतोचा अंदाज अगदी बरोबर होता. आणि त्याचा पुरावा अगदी कच्चा होता, कारण कान्हेरी हा कोणा राजपुत्राचा कोंडवाडा नाही, भिक्षूंचा विहार आहे. उत्तर बरोबर असलं तरी त्या दिवशी ते सिद्ध झालेलं नव्हतं. हा फरक मुलीला समजावलास तर ती आयुष्यात कुठेही फसणार नाही.

सिद्ध व्हायला अडीचशे वर्षं लागली. १८५९-६० मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी बुद्धचरित्राशी ती कथा ओळीओळीने ताडून पाहिली. नंतर मधल्या एकेका पायरीची हस्तलिखितं सापडत आणि जुळत गेली. संस्कृतातला बोधिसत्त्व मध्य इराणी भाषांमधून अरबीत गेला आणि बूदासफ झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ला खाली एक नुक्ता असतो, ‘य’ला दोन. कुणा लेखनिकाच्या हातून एक नुक्ता वाढला आणि बूदासफचा यूदासफ झाला. जॉर्जियन भाषेत इओदासफ, दहाव्या शतकाच्या अखेरीच्या आसपास ग्रीकमध्ये इओआसफ, १०४८ मध्ये लॅटिनमध्ये जोसाफत. प्रत्येक पायरीला पोथी आहे, भाषा आहे, काळ आहे, आणि तो एक चुकलेला नुक्ताही साक्षीदार म्हणून उभा आहे. आज ख्रिस्ती अभ्यासकही हे बिनतक्रार मान्य करतात. उसनवारी सिद्ध होते ती अशी.

आणि श्रीनगरच्या खानयार मोहल्ल्यात रोजाबल नावाची कबर आहे, ती येशूची असं कधीतरी मामा म्हणतीलच. अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा दावा पुढे आणला. त्या कबरीशी जोडलेलं नाव आहे यूज आसफ. यूदासफ आणि यूज आसफ, दोन्ही एकदा मोठ्याने म्हणून बघ. अनेक अभ्यासकांना हे तेच नाव वाटतं, त्याच अरबी कथेतून काश्मीरला परतलेलं. म्हणजे ज्या नावावरून येशूला काश्मिरात आणलं, ते नाव मुळात आपल्या सिद्धार्थाचं असण्याचीच शक्यता जास्त आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली त्या रात्री झोप आली नव्हती.

आता मामांना विचारायचं कसं. नवऱ्यासमोर नको, जेवताना तर मुळीच नको. पुण्याला एकटी जा, दुपारी चहा करून त्यांच्याजवळ बस. तू माझं वाचलेलं त्यांच्यापुढे ओतू नकोस, ते लगेच बाजू सावरून बसतील. म्हण, “मामा, मला हे नीट समजून घ्यायचंय. हेमिसचं पहिल्यांदा कोणी लिहिलं? ते पुस्तक आपण बरोबर शोधूया का?” ज्या माणसाने तुला वाचायला शिकवलं त्याला वाचायला बोलावणं हा उद्धटपणा कसा होईल? शोधताना नोटोविच त्यांच्या हाती आपोआप येईल, आणि स्वतः शोधलेलं माणूस टाकत नाही. सासऱ्यांनाही तसंच विचार, लोरिन्सरने नक्की काय दाखवलं आणि तेलंगांनी त्याला काय म्हटलं. वसईत काही घरांत सांगतात की संत बार्थोलोम्यू स्वतः कल्याणला येऊन गेले. तुझ्या घरी ही गोष्ट निघाली तर तिथेही तोच प्रश्न विचार. जुना लेखक युसेबियस फक्त ‘हिंदुस्थान’ म्हणतो, कल्याण म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मामांना स्पष्ट सांग, आणि ती विचारण्यातली नाही. “जावईबापू” म्हणून सुरू होणारं ते वाक्य आता बंद करा, कारण ते माझ्या मुलीने ऐकलं आहे. यासाठी कुठला पुरावा लागत नाही. नवरा दोन वर्षं गप्प राहिला ते त्याच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, तुझ्यासाठी. हे मामांना कळायला हवं. त्यांनी तुला वाढवलं आहे, त्यांना कळेल.

आणि एखाद्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, सगळे कान्हेरीला जा. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. पाणी बरोबर घ्या, सासऱ्यांना चढ झेपेल तेवढंच वर न्या. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या उंचच उंच मूर्ती आहेत. तिथे मुलीला खाली बसवून जोसाफतची गोष्ट सांग, मामा आणि सासरे दोघे ऐकत असताना. जमलं तर वरच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यापर्यंत तिला ने. तिथे भिंतीवर पहलवी लिपीत काही ओळी आहेत, त्याच मध्य इराणी भाषेच्या कुळातल्या. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी लेणी बघायला आली होती. त्यांनी आपली नावं, बापाची नावं आणि दिवस, महिना, वर्ष कोरून ठेवलंय. तिला ती अक्षरं दाखव. बोटाने शिवू नको म्हणावं.